शिकार गेली, कुत्रे उरले : हिंगोली परिसरातील कारवानी कुत्र्यांचा मागोवा

शर्यतीतून वा शिकारीतून बाद झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरी आणून शेवटपर्यंत सांभाळणे ही गोष्ट इंग्लंड-अमेरिकेची, आणि तीही गेल्या अर्धशतकातली, असे सामान्यतः समजले जाते. शर्यतीचा धंदा जेथे रुजला तेथेच त्या धंद्याने टाकून दिलेल्या कुत्र्यांचा प्रश्न उभा राहिला, एवढ्यापुरते ते खरेही आहे. हिंगोली जिल्ह्यात असा धंदा कधी नव्हता. परंतु ग्रेहाउंडच्याच धाटणीचे, मराठवाड्यात कारवानी, पश्मी किंवा नुसते ‘शिकारी कुत्रं’ म्हणून ओळखले जाणारे जनावर या भागातल्या वाड्यांवर, तांड्यांवर आणि आखाड्यांवर (शेतात गुरे, अवजारे व कडबा ठेवण्यासाठी केलेल्या निवाऱ्याला येथे आखाडा म्हणतात) पिढ्यान्‌पिढ्या वाढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे काम गेले. आणि काम गेलेल्या जनावराचे करायचे काय, हा प्रश्न येथेही निराळ्या वाटेने येऊन ठेपला.

ग्रेहाउंड, अरबस्तानातला सलुकी, स्पेनचा गाल्गो आणि दख्खनचा कारवानी हे सारे दृष्टिशिकारी कुत्रे होत. दृष्टिशिकारी म्हणजे वासावर माग न काढता नजरेने सावज टिपणारा आणि केवळ वेगाच्या बळावर त्याला गाठणारा कुत्रा. लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, अंगावर चरबीचा जवळपास अभाव आणि कागदासारखी पातळ कातडी ही या कुळाची सामाईक ठेवण आहे. उत्तम ग्रेहाउंड थोड्या अंतरात ताशी ६५ ते ७० किलोमीटरचा वेग घेतो. कारवानी त्या मानाने मागे पडतो, पण ढेकळांच्या रानात आणि उन्हात दीर्घकाळ टिकून धावण्यात तो सरस आहे, असे त्याचे जाणकार मानतात. त्याच्यातच कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असणाऱ्या कुत्र्यांना पश्मी म्हणतात. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हाउंड म्हणून जे नावाजले गेले ते कुत्रेही याच घराण्यातले असून, देशातल्या दोन वेगवेगळ्या श्वानसंस्था एकाच जनावराची नोंद वेगवेगळ्या नावांनी करत आल्या आहेत.

या कुत्र्याचे मूळ मध्य आशियात किंवा इराणात शोधण्याची रीत जुनी आहे. मोगल, तुर्क, पठाण यांच्या फौजांबरोबर आणि व्यापारी काफिल्यांबरोबर सलुकीसारखे कुत्रे दख्खनमध्ये आले व स्थानिक कुत्र्यांत मिसळले, ही त्यातली सर्वांत प्रचलित मांडणी. ती शक्य कोटीतली आहे. परंतु फौजा येण्याच्या आधी दख्खनमध्ये शिकारी कुत्रे नव्हते असे तिच्यातून जे सूचित होते, ते टिकणारे नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध कांस्यरथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. तो शिकारी होता असे म्हणण्यास आधार नाही, आणि उत्साही लेखकांनी तसे म्हटले तरी ते मनावर घेऊ नये. कर्नाटकातील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यावरच्या शिलालेखाचे तसे नाही. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्रीचे ते स्मारक आहे, आणि तिच्यासाठी दगड उभारून त्याच्या पूजेची तजवीकही करण्यात आली होती. त्याहून मराठवाड्याच्या जवळचा पुरावा म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ११२९ मधला संस्कृत ग्रंथ. राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे, वर्णन करताना त्यात शिकारी कुत्र्यांसाठी सारमेयविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या हिंगोलीचा मुलूख तेव्हा याच घराण्याच्या राज्यात मोडत होता. दख्खनमध्ये कुत्र्यांनी शिकार करणे हे काफिल्यांच्याही आधीपासून दरबारी शास्त्राचा विषय होते, एवढे यातून निर्विवाद ठरते.

हिंगोलीच्या भूगोलात या कुत्र्याला सोयीचे बरेच काही होते. कयाधू नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन, सेनगाव व कळमनुरी भागातल्या मुरमाड टेकड्या, औंढ्याच्या बाजूचे माळ आणि पैनगंगेकडचे जंगल अशा मिश्र प्रदेशात ससा, खोकड, कोल्हा, काळवीट हे सारे मोकळ्यावर चरणारे किंवा वावरणारे प्राणी होते. दाट जंगलात दृष्टिशिकारी कुत्रा निरुपयोगी असतो. त्याला लांबवर दिसणारे रान लागते. ज्वारीची कापणी झाली, कडब्याच्या गंज्या लागल्या आणि तूर निघाली, की मैलोन्‌मैल उघडे पडणारे रान हे त्याचे खरे क्षेत्र होते.

या रानांतून धान्य, मीठ आणि कापूस वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांशी कुत्र्याचे नाव जोडले गेले आहे. बैलांच्या पाठीवर माल लादून लांबच्या मुलखात नेण्याच्या या व्यवसायाला लदेणी म्हणत. शेकडो बैलांचा तांडा मुक्कामाला थांबला की रात्री चोर आणि श्वापदे यांच्यापासून राखण करायला आणि वाटेत भांड्यात काही पडावे म्हणून सावज धरायला कुत्री लागत. कारवानी हे नाव अशा काफिल्यांवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. मात्र तांड्यावरची सगळीच कुत्री सडपातळ, धावरी नव्हती, राखणीची धिप्पाड, केसाळ कुत्रीही होती, आणि इंग्रज लेखकांनी दोघांची बरीच सरमिसळ करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात रस्ते आणि रेल्वे आल्यावर लदेणी मोडली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमार्ग नांदेड, पूर्णा, परभणीवरून मनमाडला जोडला गेला, आणि पुढल्या काही वर्षांत पूर्णेहून निघालेला फाटा हिंगोलीच्या कापूसपेठेपर्यंत पोचला. तांडे स्थिरावून डोंगरकडेला वस्त्या झाल्या, बंजारा शेतीकडे किंवा मजुरीकडे वळला, आणि त्याच्याबरोबर कुत्रेही एका जागी राहू लागले. काम बदलून टिकून राहण्याची या कुत्र्यावर आलेली ही पहिली वेळ होती.

हिंगोलीस त्या काळात निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. हिंदुस्थानातल्या अशा आडबाजूच्या छावण्यांतून मिळतील ती कुत्री जमवून कोल्ह्यामागे घोडे फेकणे हा अधिकाऱ्यांचा नित्याचा विरंगुळा होता, आणि विलायतेहून आणलेल्या ग्रेहाउंडचा देशी कुत्र्यांशी संकर होणेही ठिकठिकाणी घडले. उत्तरेकडील रामपूर हाउंडच्या बाबतीत तो संकर मुद्दाम केला गेला. दख्खनमध्ये मात्र विलायती कुत्री उन्हाळा आणि गोचीड यांपुढे फारशी टिकत नसत, आणि शुद्ध देशी रक्ताचा आजचा अभिमान काही अंशी त्या मृत्यूंवर उभा आहे, हे सांगायला हवे.

कुत्र्याचे खरे आश्रयदाते छावणीत नव्हते. निजामी राज्यातले जहागीरदार, देशमुख, इनामदार यांच्या वाड्यांवर चार-सहा कुत्री असणे हा ऐपतीचा भाग होता. त्यांच्या खालोखाल धनगर, बंजारा आणि पारधी यांच्याकडे कुत्री असत. पण तेथे कुत्रे हौसेचे नव्हते, खाणारे आणि खाऊ घालणारे होते. वाड्यावरच्या शिकारीत सावजापेक्षा धावण्याची वाहवा मोठी असे. वस्तीवरच्या शिकारीत ससा मिळाला तर रात्री रस्सा, नाहीतर भाकरीला तिखट. फासे लावून शिकार करण्यात निष्णात असलेल्या फासेपारध्यांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मालिकेने जो शिक्का मारला तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण त्यांच्या पालाशी दिसलेले सडपातळ कुत्रेही पुराव्यासारखे पाहिले जाण्याची सवय त्यानंतरही लवकर गेली नाही. एकच जनावर वाड्यावर दिमाख आणि पालावर संशय ठरत होते.

शिकारीची पद्धत साधी होती. पहाटे दोघे-तिघे रान चालत निघत, एकाच्या हातात दोन कुत्र्यांच्या गळ्यातली दोरी असे, बाकीचे काठीने झुडपे झोडपत. ससा उठला की दोरीचा फास सैल सुटे. पुढचे सारे मिनिटाभराचे असते: ससा सरळ पळत नाही, तो अचानक काटकोनात वळतो, आणि त्या वळणावर पुढचा कुत्रा निसटून पुढे गेला तर मागचा कोपरा कापून आत येतो. म्हणूनच जोडी लागते. या मिनिटात कुत्र्याचे जे मोडायचे ते मोडते. तुरीची कापणी तिरकी झालेली असली तर जमिनीत उभी राहिलेली अणकुचीदार धसकटे पंजाच्या गादीतून आरपार जातात. बाभळीचा काटा छातीची पातळ कातडी वीतभर फाडतो. कठडा नसलेली विहीर तर धावत्या कुत्र्याला शेवटच्या उडीपर्यंत दिसत नाही. हळद भरणे, चटका देणे, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग देणे, आणि वाचले तर वाचले म्हणणे, एवढीच त्या काळची शुश्रूषा होती.

म्हाताऱ्या, लंगड्या कुत्र्यांचे या व्यवस्थेत काय होत असे, याची लेखी नोंद कोणी ठेवलेली नाही, कारण तशी नोंद ठेवण्याजोगी गोष्ट ती कोणाला वाटली नाही. परंतु व्यवस्थेच्या रचनेवरून काही गोष्टी स्पष्ट दिसतात. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या कुत्र्यासारखे हे कुत्रे पिंजऱ्यातले भांडवल नव्हते. ते आखाड्यावर मोकळे असे, धावणे संपल्यावर राखण करी, राखणही झेपेना तेव्हा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला पडून राही, आणि भाकरीचा तुकडा त्याला मिळत राही. त्याला घरातून काढण्यासाठी काही करावे लागले असते. ठेवण्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. दुसऱ्या बाजूला, एका वेतातली सहा-आठ पिल्ले सगळी वाढवली जात नसत. माद्या आणि दुबळी पिल्ले पहिल्याच आठवड्यात वगळली जात, हे कोणी आवर्जून सांगत नसले तरी ग्रामीण जीवन जाणणाऱ्याला नवे नाही. जुन्या काळातल्या भूतदयेचे गोडवे गाताना ही बाजू लपवू नये.

भूतदयेची कथा मात्र याच मातीतली आहे. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव. १२७० हे त्यांचे जन्मवर्ष मानले जाते, आणि त्यांना गुरू विसोबा खेचर भेटल्याची कथा जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथाशी निगडित आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. जवळच्याच माहूरच्या दत्तात्रेयापायी चार कुत्री, म्हणजे चार वेद, आहेत. काळभैरवाचे वाहन कुत्राच. आणि खंडोबाच्या वाघ्यांनी कुत्र्यासारखे भुंकत कोटंब्यातून अन्न घेण्याचा विधी कुत्र्याला थेट देवाच्या सेवकाच्या पंक्तीत बसवतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही दाखवली जाते. एवढी मानाची परंपरा असूनही बोलीत कुत्रे हा शब्द शिवी म्हणूनच वापरात राहिला. धर्माने कुत्र्याला तुकडा मिळवून दिला, उपचार मिळवून दिला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळ कायद्याने जमिनीचे हिशेब बदलले. वाड्यावर चार-सहा कुत्री पोसणारा वर्ग एका दशकात ओसरला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९९९ रोजी झाला. मधल्या काळात कुत्र्याच्या पायाखालचे रानही गेले. गायराने नांगराखाली आली, आणि १९९० नंतर सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, तेव्हा कडबा, भाकरी आणि कापणीनंतरचे उघडे रान या तिन्ही गोष्टी एकदमच आटल्या. त्यातच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा महाराष्ट्रात १९७३ पासून लागू झाला. या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणे आणि पकडणे यांबरोबरच कुत्र्यांकरवी पाठलाग करवणेही येते, म्हणजे सावज निसटले तरी गुन्हा घडतोच. लहान शिकारीचे परवाने काही काळ मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपले. कायदा योग्यच होता, कारण माळावरची काळविटे आणि ससे सर्रास मारली जात होती. परंतु शिकार बेकायदा ठरली तेव्हा शिकारीसाठी घडवलेले जनावर गावोगाव जिवंत होते, आणि त्याचा विचार त्या कायद्यात नव्हता, इतरत्रही नव्हता.

हाच पेच अन्य देशांत अधिक मोठ्या आवाजात उभा राहिला. यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याची इंग्लंडमधली पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी झाली, आणि काही वर्षांतच तो कामगारवर्गाचा लाडका जुगार बनला. तीन-चार वर्षांत कुत्रा मंदावतो, आणि त्याचे आयुष्य मात्र त्यानंतरही आठ-दहा वर्षे उरते. या फरकातूनच ग्रेहाउंड सोडवून घरी देणाऱ्या संस्था जन्माला आल्या. स्पेनमध्ये सशांच्या शिकारीचा हंगाम हिवाळ्याअखेर संपला की असंख्य गाल्गो टाकून दिले जातात. मकाव येथील कॅनिड्रोम हा जुना ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा मागे उरलेल्या पाचशेहून अधिक ग्रेहाउंडना घरे शोधण्यासाठी जगभर धावाधाव झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यती बंद करण्याचा कौल दिला. तेथे धंदा होता, म्हणून धंद्याची आकडेवारी होती, आणि आकडेवारी होती म्हणून जनमत झाले. मराठवाड्यात कुत्री गावागणिक दोन-चार अशी विखुरलेली होती. त्यांचे हाल झाले ते कोणाच्या लक्षात येण्याइतके एका जागी झाले नाहीत.

पडत्या काळानंतर आलेली प्रतिष्ठा ही या इतिहासातली सर्वांत विचित्र पायरी आहे. मुधोळचे संस्थानिक घोरपडे यांनी आपल्या कुत्र्यांची जोपासना केली होती आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली होती. त्या पुण्याईवर मुधोळ हे नाव टिकले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाने श्वान संशोधन केंद्र उभारले, २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी नेली, आणि ३० ऑगस्ट २०२० च्या आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचे नाव घेतले. महाराष्ट्राकडे कुत्रे होते, संस्थानिक नव्हता आणि केंद्रही नव्हते. परिणामी मराठवाड्यातला कारवानी बाजारात मुधोळ या नावाने विकला जाऊ लागला. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये असताना हे व्हावे, हे खेदाचे आहे.

नावाबरोबर भाव आला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, गाढवे, बैल यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते, आणि हिंगोली, परभणी, लातूरची कुत्री तेथे मिरवली जातात. ही हौस निर्मळ असेल तेथे तिने जात जगवली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण भाव आला की वेत वाढतात. २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनी पैदासकाराला नोंदणी बंधनकारक केली आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई केली. खेड्यातल्या व्यवहारात हे नियम अजून फारसे पोचलेले नाहीत. शहरात गेलेले पिल्लू वर्षभरात खांद्यापाशी ६५-७० सेंटिमीटर होते, फ्लॅटच्या गच्चीत मावत नाही, मांजरामागे दोरीसकट पळते, पाहुण्याला जवळ येऊ देत नाही, आणि एके दिवशी गावाबाहेरच्या रस्त्यावर सोडले जाते. पूर्वी कुत्र्याला धावता येईना म्हणून त्याची किंमत संपे. आता ते धावते म्हणूनच टाकले जाते.

असे कुत्रे कोणी उचलून आणले, तर पहिल्या दिवशी ते खात नाही. भाकरी दुधात कुस्करून ठेवली तरी ते भिंतीला पाठ लावून उभे राहते, आणि हात डोक्यावरून आला की बसते. हात खालून, हनुवटीकडे न्यावा लागतो. फरशीवर झोपून झोपून कोपरांवर घट्टे आणि जखमा झालेल्या असतात, कारण हाड आणि शहाबादी फरशी यांच्यामध्ये कातडीखेरीज काही नसते. जुनी वाकळ किंवा दुहेरी गोणपाट घातले की निम्मे दुखणे तेथेच उतरते. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरलेले असतात. त्यांतून होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि कुत्र्याच्या नाकातून रक्त येते. येथे या कुळाची एक अडचण आहे: परदेशातल्या ग्रेहाउंडच्या अभ्यासानुसार त्यांच्या रक्तात या पेशी निरोगीपणीही इतर कुत्र्यांपेक्षा कमी आणि तांबड्या पेशी जास्त असतात, त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल सामान्य कुत्र्याच्या मापाने वाचला तर फसगत होते. भुलीचेही तसेच. अंगात चरबी नसल्याने आणि यकृताचे काम निराळे असल्याने थायोपेंटोनसारखे औषध दिलेला ग्रेहाउंड फार उशिरा शुद्धीवर येतो. नसबंदीसाठी नेताना कुत्र्याची जात डॉक्टरांना आवर्जून सांगावी ती याचसाठी. नुसत्या भाकरीवर या जनावराचे स्नायू राहत नाहीत. अंडे, कोंबडीचे शिजवलेले पण हाडे काढलेले मांस किंवा डाळ यांची जोड लागते, आणि खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फिरण्याचा धोका असल्याने जेवणानंतर तासभर पळू द्यायचे नसते. मांड्यांचे स्नायू भरलेले दिसू लागले, शेवटच्या दोन फासळ्या दिसत राहिल्या आणि कमरेचे हाड मांसात बुडाले, की कुत्रे बरे झाले असे समजावे. शेजारी मात्र तेव्हाही त्याला उपाशी ठेवता का, असे विचारतच असतात.

सुख आहे ते यानंतरचे. हे कुत्रे फार भुंकत नाही. दिवसाचा मोठा भाग ते पाय ताणून झोपलेले असते. जागे झाले की मालकाच्या मांडीला सारा भार टेकून उभे राहते. संध्याकाळी आखाड्याच्या मोकळ्या जागेत सोडल्यावर, समोर ससा नाही, कोणी हाकललेले नाही, तरी ते एकाएकी मोठे गोल घेऊन चार-पाच फेऱ्या मारते, प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, आणि जसे सुरू झाले तसे अचानक थांबून धापा टाकत माणसाकडे पाहते. शिकारीसाठी हजारभर वर्षे घडलेले शरीर शिकारीवाचून वापरले जाताना पाहणे, हा जुन्या शिकाऱ्यालाही न मिळालेला आनंद आहे. त्याची नजर सावजावर असे. धावणे पाहायला त्याला सवड नव्हती.

दुःखाच्या वाटा या भागात ठरलेल्या आहेत. पिल्लू असले तर पार्व्हो हा अतिसाराचा विषाणुजन्य रोग, जो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही लस चुकलेल्या पिल्लांचा दोन-तीन दिवसांत बळी घेतो. मोठे असले तर महामार्ग, उघडी विहीर, घोणस, आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात बेकायदा सोडलेला विजेचा प्रवाह. रोही, हरणे आणि डुकरे यांच्या उपद्रवाने शेतकरी जेरीस आला आहे हे खरे. पण त्या तारेला कुत्रा आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

आणखी एक हानी मराठवाड्याची खास आहे. आखाड्यावर राहणारा सालगडी, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा शेतमजूर, गुढीपाडव्याला साल संपले की मालक बदलतो. कुत्रे मालकाचे असते, पण वर्षभर भाकर सालगड्याने घातलेली असते, आणि कारवानी हे एका माणसाला धरून राहणारे जनावर आहे. नवा गडी येतो तेव्हा जुन्याच्या वाटेकडे तोंड करून बसलेले, खाणे टाकलेले कुत्रे त्याच्या वाट्याला येते. ते खोडकर किंवा आजारी ठरवले जाऊन हाकलले जाते. साल बदलताना गड्याला कुत्रे बरोबर नेऊ द्यावे, एवढ्या साध्या तोडग्याने अशी कित्येक कुत्री भटकी होण्यापासून वाचली असती.

कारवानी नीट सांभाळले तर दहा ते चौदा वर्षे जगते. हिंगोलीच्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या ज्या वाचकाला ते पाळायचे असेल, त्याने माळेगावच्या जत्रेत पिल्लाचा सौदा करण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि प्राणिमित्रांकडे टाकून दिलेले मोठे कुत्रे आहे का, याची चौकशी करावी. असल्यास ते आणावे, रेबीजची लस दरवर्षी द्यावी, आणि शेतातल्या विहिरीला आधी कठडा बांधून घ्यावा.